पाठमोरा जोडीदार

माझ्या बायकोच्या धाकट्या भावाने आयुष्याची तेरा वर्षं एका माणसाकडे पाठ करून काढली. दोघांत भांडण नव्हतं. तो त्याचा व्यवसाय होता. टेनिसमध्ये दोघांची जोडी दोघांविरुद्ध खेळते, त्या डबल्सचा तो खेळाडू. जोडीदार मागून सर्व्हिस करायचा आणि हा पुढे, नेटपाशी, त्याच्याकडे पाठ करून वाट बघायचा. एकट्याने खेळणाऱ्यांचे फोटो वर्तमानपत्रात येतात. जोडीने खेळणाऱ्यांचा निकाल त्याखाली बारीक अक्षरांत येतो, आणि त्यातही एकाचं नाव चुकलेलं असतं.

जे घडलं ते क्रमाने लिहितो. त्यातलं बरंचसं मी समोर पाहिलं, काही त्याच्याकडून ऐकलं, आणि एक भाग चित्रफितीत तीन वेळा पाहिला.

त्याला सगळे डावऱ्या म्हणत. लिहिणं, जेवणं, दात घासणं, सगळं डाव्या हाताने. वडील शिवणयंत्रं दुरुस्त करत. त्यांनी दोन वर्षं पोराच्या डाव्या हाताला फडकं बांधून पाहिलं आणि मग कंटाळून नाद सोडला. आमच्या लग्नात डावऱ्या नऊ वर्षांचा होता. बायकोहून पंधरा वर्षांनी लहान, त्यामुळे तिला तो भावापेक्षा मुलासारखाच. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्याजवळ आला आणि गंभीरपणे म्हणाला, "भाऊजी, तुमच्या घराची मागची भिंत केवढी आहे?" मला वाटलं, बहीण कशा घरात पडली याची चौकशी चालली आहे. त्याला चेंडू मारायला भिंत हवी होती. पुढची आठ वर्षं त्या भिंतीवर चेंडूचे गोल डाग होते, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई दर रविवारी जिना चढून वर येत होत्या.

एकट्याने खेळताना तो जगात चारशे बाराव्या जागेपर्यंत पोचला. त्याच्या पुढे नाही. हात चपळ होते, नजर तीक्ष्ण होती, पण उंची बेताची आणि दमही बेताचा. बहीण विचारायची, "चारशे बारावा म्हणजे वर्गात कितवा रे?"

"वर्गाबाहेर, ताई. पटांगणात अंगठे धरून."

चोविसाव्या वर्षी एका लांबच्या शहरात तो पहिल्याच फेरीत हरला. पिशवी आवरून निघाला, तर नावनोंदणीच्या टेबलाशी एक साडेसहा फूट उंचीचा माणूस घड्याळाकडे बघत उभा होता. त्याच्या जोडीदाराचं पोट बिघडलं होतं आणि डबल्सची नोंदणी बंद व्हायला वीस मिनिटं होती.

"खेळतोस?" त्या माणसाने विचारलं.

"कोणाबरोबर?"

"इथे आपण दोघंच आहोत. टेबलाबरोबर खेळायचं असेल तर तसं सांग."

हा खांब. हे नाव डावऱ्याने पहिल्याच दिवशी ठेवलं आणि ते चिकटलं. खांब आमच्याच शहरातला निघाला. आमच्या घरापासून चार बसथांब्यांवर त्याची विधवा बहीण राहायची, आणि स्पर्धा नसल्या की तो तिच्याकडे असायचा. बोलणं मोजकं. सर्व्हिस मात्र अशी की ती दिसायच्या आधी तिचा आवाज यायचा.

दोघांचं पहिल्याच सकाळी बिनसलं. नेटशी उभ्या असलेल्या डावऱ्याने दोनदा मान वळवून खांबाची सर्व्हिस पाहिली आणि दोन्हीदा चेंडू जाळ्यात गेला. तिसऱ्यांदा खांब पुढे चालत आला.

"तू बघू नकोस."

"का?"

"कोणी माझ्या हाताकडे बघितलं की माझा हात बिघडतो. समोरच्यांकडे बघ. मागे काय चाललंय ते माझं मी बघीन."

डावऱ्याने मान्य केलं. ती स्पर्धा त्यांनी जिंकली आणि मग ती अट कायमची झाली. डबल्समध्ये नेटवरचे खेळाडू सहसा मागे बघत नाहीतच, पण कधीतरी नजर जाते. डावऱ्याची तेरा वर्षांत गेली नाही. तो खांबाला कानांनी ओळखायचा. चेंडू जमिनीवर तीन वेळा आपटला, मग एक श्वास, मग बूट घासल्याचा आवाज, मग तारांचा. या चार आवाजांवर तो कुठल्या पायावर उडी घ्यायची ते ठरवायचा. खांबाशी बोलायचं तर पाठीमागे धरलेल्या हाताने. मूठ म्हणजे मी जागीच राहतो, उघडा पंजा म्हणजे मी पलीकडे झेपावतो.

त्यांची ख्याती एका डावपेचामुळे झाली. त्याला ते दोघं 'बैठक' म्हणायचे. सर्व्हिसच्या वेळी डावऱ्या कोर्टाच्या बरोबर मधोमध, नेटच्या पट्टीखाली डोकं जाईल इतकं वाकून उकिडवा बसायचा. खांबाचा चेंडू त्याच्या डोक्यावरून जायचा, ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने. समोरच्यांना शेवटच्या क्षणापर्यंत कळायचं नाही की हा डावीकडे उडणार की उजवीकडे. इतर जोड्याही हे कधीमधी करत. हे दोघं दर गेमला करायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "डोक्यावरून केवढ्या अंतराने जातो रे चेंडू?"

"हातभर, भाऊजी. खांबाचा हातभर म्हणजे हातभर. कापड मापून घ्यावं त्याच्याकडून."

वर्षाचे तीस आठवडे दोघं एका खोलीत राहायचे. दोन पलंग, एक आरसा, वाळत घातलेल्या मनगटाच्या पट्ट्या. डावऱ्याचं लग्न झालं तेव्हा त्याची बायको, ती शाळेत गणित शिकवते, आमच्याकडे हसून म्हणाली, "मला आधीच साडेसहा फुटांची सवत आहे." पुढे ती खांबाला फोनवर तसंच विचारायची, "काय सवतबाई, आमचे यजमान जेवले का?" खांब पलीकडून तेवढ्याच गंभीरपणे सांगायचा, "जेवले. भांडी मी घासली."

मोठी स्पर्धा त्यांनी कधी जिंकली नाही. उपांत्य फेरीपर्यंत चारदा गेले. वर्षभराच्या गुणांवर पहिल्या आठ जोड्यांची एक स्पर्धा वर्षअखेरीस होते. त्या आठांत येणं हे या धंद्यातलं शिखर. ती जागा त्यांना तेरा वर्षांत मिळाली नव्हती. एकदा दहावे आले होते, एकदा अकरावे. डावऱ्या सदतिसाचा झाला, खांब अडतिसाचा, आणि त्या वर्षी फेब्रुवारीअखेर ते नवव्या जागेवर होते. हेच वर्ष. पुढच्या वर्षी गुडघे साथ देणार नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मार्चमध्ये डावऱ्याला पहिला फरक ऐकू आला. तीन वेळा चेंडू आपटला, आणि श्वास आलाच नाही. बरीच शांतता. मग श्वास, मग सर्व्हिस. त्याने मनावर घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात ती शांतता दर गेमला येऊ लागली. त्या शांततेत कसला तरी बारीक आवाज असायचा, रॅकेटच्या मुठीवरची पट्टी करकरल्यासारखा. आणि बैठकीत चेंडू डोक्यावरून जाताना त्याला वारा लागू लागला. हातभर अंतराला वारा लागत नाही.

एप्रिलमध्ये तो चार दिवसांसाठी घरी आला. आमच्याकडे आल्यावर सदरा बदलताना बहिणीने त्याची पाठ पाहिली. खांद्याच्या फऱ्यावर वाटीएवढा काळानिळा डाग होता. त्यात चेंडूवरची वळणदार शिवण उमटलेली होती.

"हे काय?"

"भिंतीला आपटलो."

"भिंतीला शिवण कधीपासून असते?"

त्याने पाठ तिच्यापुढे केली. ती मलम चोळत राहिली. मी तिला चहा ठेवायला पाठवलं आणि सरळ विचारलं. तो म्हणाला, "खांबाचा आहे. एकदाच लागला."

"अंतर किती उरलंय?"

त्याने डाव्या हाताची बोटं ताणून दाखवली. वीतभर.

"त्याला विचारलंस?"

"त्याने आपणहून माफी मागितली. म्हणाला, हाताला मुंग्या येतात, झोप नीट होत नाही. होईल ठीक."

"तू मागे वळून एकदा बघ ना, करतो काय तो."

डावऱ्या माझ्याकडे असा बघू लागला, की जणू मी त्याला जोडीदाराची पत्रं फोडून वाचायला सांगितलं होतं. "तेरा वर्षं नाही बघितलं, भाऊजी. आता बघितलं तर त्याला काय वाटेल?"

जूनमध्ये आमच्याच शहरात स्पर्धा होती. मी रजा टाकून गेलो. चार नंबरच्या कोर्टावर प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या तीन रांगा होत्या. मी मुद्दाम बेसलाइनच्या मागे, खांबाच्या पाठीशी बसलो. जे डावऱ्याला कधीच दिसत नव्हतं ते मला पंधरा फुटांवरून दिसत होतं.

खांबाने चेंडू तीन वेळा आपटला. मग चेंडू खिशात टाकला. मग डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून रॅकेटच्या मुठीभोवती मिटवली. करंगळी, अनामिका, मधलं. अंगठा शेवटी, वरून दाबून. आपण लहान मुलाच्या हातात पेन्सिल देतो तसं. मग चेंडू पुन्हा काढला, श्वास घेतला आणि सर्व्हिस केली. वेग तोच होता. चेंडू डावऱ्याच्या टोपीवरून गेला तेव्हा टोपी हलली.

हे प्रत्येक सर्व्हिसला चाललं होतं. समोरच्या दोघांनाही दिसत असणार, पण प्रतिस्पर्ध्याच्या दुखण्याबद्दल कोणी पंचाकडे जात नाही. सामना यांनी जिंकला. टाळ्या वाजल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं आमच्याकडे जेवायला आले. डावऱ्याची बायकोही होती. खांब नेहमीसारखा दारात वाकून आत शिरला, माझ्या बायकोची चौकशी केली, ताटावर बसला आणि चमचा डाव्या हातात घेतला. भात तोंडापर्यंत जाईपर्यंत अर्धा परत ताटात.

माझी बायको हसली. "हे काय हो? ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! तुम्हीसुद्धा डावरे झालात?"

सगळे हसले. डावऱ्याची बायको म्हणाली, "सवतीने नवऱ्याचे सगळे गुण उचलले, आता घोरायचं तेवढं राहिलं."

खांबही हसला. मी त्याच्यासमोरच बसलो होतो. त्याच्या ओठाची डावी बाजू वर गेली. उजवी तिथेच राहिली. क्षणभरच. मग त्याने रुमालाने तोंड टिपलं आणि चेहरा पुन्हा सारखा झाला. मी डावऱ्याकडे पाहिलं. तो ताटाकडे बघत होता, आणि ताटात काहीच नव्हतं.

जेवण झाल्यावर मी त्याला गॅलरीत बोलावलं.

"मी काल मागे बसलो होतो. तुला एक सांगायचंय."

"नका सांगू."

"ऐक तर."

"भाऊजी, पाया पडतो तुमच्या. मला कळलं की माझी मान वळणार. मान वळली की त्याचा हात बिघडणार. आम्ही आता सातवे आहोत. ऑक्टोबरपर्यंत आठांत राहिलो की झालं. डिसेंबरात ती स्पर्धा खेळू आणि दुसऱ्याच दिवशी मी त्याला हाताला धरून डॉक्टरकडे नेतो. तुमच्या देखत सांगतो."

"आणि तोवर चेंडू तुझ्या मेंदूत बसला तर?"

"बसला तर माझ्या बसेल. माझं डोकं आहे." तो हसला. "तसंही ताईच्या मते ते रिकामंच आहे."

मी पुढे बोललो नाही. मला वाटलं, जोखीम त्याची आहे, तो जाणता आहे. आम्ही दोघंही त्या दिवशी एकाच डोक्याचा विचार करत होतो. आत खांब माझ्या बायकोला भांडी उचलायला मदत करत होता आणि ती म्हणत होती, "राहू द्या हो, फोडाल."

ऑगस्टमध्ये डावऱ्याने फोनवर सांगितलं, चार बोटं. सप्टेंबरात त्याने अंतर सांगणं बंद केलं. त्याची बायको सांगत होती की घरी आला की तो झोपेत डोकं खांद्यांत ओढून घेतो, आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तरी दचकून खाली वाकतो. तिने एकदा चिडून विचारलं, "मागे वळून बघायला काय डोळ्यांना टॅक्स पडतो का रे?" तो नुसता आंघोळीला निघून गेला. गुणांच्या यादीत ते सातवे, मग आठवे, मग पुन्हा सातवे होते. सर्व्हिस अजून कोणाला परतवता येत नव्हती. ती कुठे जाईल हे आता खांबालाही आधी माहीत नसायचं, आणि हीच तिची नवी ताकद झाली होती. समोरचे खेळाडू गोंधळायचे. डावऱ्या हे मला कौतुकाने सांगायचा, आणि सांगताना त्याचा आवाज खाली जायचा.

ऑक्टोबरची शेवटची स्पर्धा परगावी, बंदिस्त सभागृहात होती. उपांत्यपूर्व सामना. जिंकले तर आठांतली जागा पक्की, हरले तर इतरांच्या निकालांवर. मी त्या दिवशी कचेरीत होतो. पुढचं चित्रफितीवरून लिहितो. कॅमेरा एका कोपऱ्यात उंचावर होता, चौघंही दिसतात.

दुसरा सेट, चार-चार. खांबाची सर्व्हिस. डावऱ्या मधोमध येऊन बैठकीला बसतो. डावा हात पाठीमागे, मूठ मिटलेली. खांब चेंडू आपटतो. एक, दोन. तिसऱ्यांदा चेंडू त्याच्या बुटावर पडून बाजूला जातो. तो चेंडूच्या मागे जात नाही. डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं शोधतो. रॅकेट खाली पडते. रबरी पृष्ठभागामुळे तिचा फारसा आवाज होत नाही. मग तो उजव्या गुडघ्यावर येतो, आणि मग हळूच आडवा होतो, जसा थकलेला माणूस अंथरुणावर टेकतो तसा.

समोरचा खेळाडू रॅकेट खाली घेतो. हात वर करून पंचाला काहीतरी सांगतो. त्याचा जोडीदार नेटकडे धावत सुटतो. पंच खुर्चीवरून उतरू लागतो. आणि या सगळ्यात डावऱ्या तसाच उकिडवा बसलेला आहे, मूठ पाठीमागे, नजर समोर. मी घड्याळ लावून मोजलं. अकरा सेकंद. धावत आलेला तो खेळाडू नेटवरून वाकून त्याच्या खांद्याला हात लावतो, तेव्हा कुठे तो वळतो.

मी नंतर त्याला विचारलं, "समोरचे धावत आले ते दिसलं नाही तुला?"

"दिसलं."

"मग?"

"मला वाटलं, खांबाला वेळ लागतोय. त्याला वेळ लागतो हे मला माहीत होतं. मी वेळ देत होतो त्याला."

पक्षाघाताचा झटका होता. मेंदूला रक्त पोचवणाऱ्या एका नळीत अडथळा होता आणि तो बरेच महिने सूचना देत होता. मी आणि डावऱ्याची बायको दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयात पोचलो तेव्हा खांबाची बहीण बाकावर बसली होती आणि डॉक्टर डावऱ्याशी बोलत होते. मी विम्याच्या कचेरीत तीस वर्षं दावे तपासतो. आमच्या अर्जावर पहिला प्रश्न असतो, केव्हापासून? डॉक्टरांनीही तोच विचारला.

"हाताला मुंग्या, शब्द अडखळणं, तोंड वाकडं होणं, असं काही आधी झालं होतं का? केव्हापासून?"

डावऱ्या म्हणाला, "मला कल्पना नाही."

खांबाच्या बहिणीने मान वर केली. "तुम्ही तर एका खोलीत असायचात. तुम्हाला काहीच दिसलं नाही?"

"खेळताना मी पुढे असतो, ताई. मागे बघत नाही."

मी शेजारी उभा होतो. मला जूनची दुपार आठवत होती, ओठाची एक बाजू आठवत होती. डॉक्टर लिहून घेत होते. मीही काही बोललो नाही.

इतर जोड्या हरल्या. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात यादी लागली आणि आमची जोडी आठवी आली. निवड झाल्याचं पत्र डावऱ्याच्या घरी आलं, दोघांची नावं बिनचूक छापलेलं. त्याच्या बायकोने ते कपाटात कपड्यांखाली ठेवलं. ते नेमकं कुठे आहे हे त्याला माहीत होतं आणि त्याने ते काढलं नाही.

खांब वाचला. दोन महिन्यांनी बहिणीच्या घरी आला. उजवा हात लोंबता, उजवा पाय ओढत, बोलणं सावकाश पण समजण्यासारखं. व्यायाम शिकवणारी बाई आठवड्यातून दोनदा यायची. गुरुवारी ती येत नसे, म्हणून गुरुवार डावऱ्याने घेतला. मी गाडीने सोडायचो. तो खांबाची बोटं एकेक करून उघडायचा आणि मिटवायचा. मऊ चेंडू हातात द्यायचा. पडला की उचलायचा. पन्नास वेळा, मग चहा, मग पुन्हा पन्नास.

भेटायला आलेल्या प्रत्येकाला खांब तीच हकीगत सांगायचा. "अचानक झालं. ध्यानीमनी नव्हतं. आणि हा बिचारा पुढे, त्याला काय कळणार? अकरा सेकंद बसून राहिला. मूर्ख." असं म्हणून तो डाव्या हाताने डावऱ्याच्या पाठीत धपाटा घालायचा आणि पाहुणे हसायचे. डावऱ्याही हसायचा. परत येताना गाडीत तो काच खाली करायचा, थंडी असली तरी. पाच महिन्यांत त्याचं वजन आठ किलो उतरलं. एका नवख्या, तगड्या सर्व्हिसच्या खेळाडूने त्याला जोडीला विचारलं होतं. तो नाही म्हणाला.

मार्चअखेरच्या एका गुरुवारी मला वर जायला जमलं नाही, मी खाली गाडीतच थांबलो. नेहमी दीड तास लागायचा. त्या दिवशी तो वीस मिनिटांत खाली आला, गाडीत बसला आणि पट्टा लावला.

"सांगितलं," तो म्हणाला.

"काय सांगितलंस?"

"की मला माहीत होतं. गेल्या मार्चपासून. पट्टी करकरायची ते ऐकू यायचं. तुमच्याकडे जेवताना तोंड वाकडं झालं तेही बघितलं होतं. सगळं सांगितलं."

"तो काय म्हणाला?"

"आधी हातातला चेंडू मला परत दिला. मग विचारलं, मग बोलला का नाहीस? मी म्हटलं, बोललो असतो तर तू खेळायचा थांबला असतास." डावऱ्याने गाडीच्या काचेवरची धूळ बोटाने पुसली. "मग तो म्हणाला, मला वाटायचं, तू मान वळवत नाहीस म्हणून मी खेळू शकतो. मुंग्यांपलीकडे तुला खरंच काही माहीत नाही असं समजून मी रोज स्वतःला सांगायचो, फार नसेल. फार असतं तर डावऱ्याला कळलं असतं."

"आणि?"

"आणि म्हणाला, आता जा."

मी गाडी सुरू केली. सिग्नलला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "भाऊजी, तुमचं नाव मी घेतलं नाही." मी मान हलवली. त्याने नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं, पण तेही मी बोललो नाही.

पुढच्या गुरुवारी मी नेहमीच्या वेळी गाडी काढली आणि तो येऊन बसला. दोघंही वर गेलो. बेल वाजवली. बऱ्याच वेळाने बहिणीने साखळी न काढता दार फटीएवढं उघडलं.

"तो झोपलाय," ती म्हणाली.

आतून पाय ओढत चालण्याचा आणि काठी टेकवण्याचा आवाज येत होता. तो दारापर्यंत आला आणि थांबला. दार बंद झालं.

आम्ही जिन्यावर अर्धा तास उभे राहिलो. डावऱ्या दाराकडे तोंड करून उभा होता, एकटक. मग खिशातला व्यायामाचा मऊ चेंडू त्याने दारापाशी ठेवला आणि आम्ही उतरलो. त्याच्या पुढच्या गुरुवारी गेलो तेव्हा चेंडू तिथेच होता. त्याच्यावर धूळ बसली होती. डावऱ्याने तो उचलला, सदऱ्याला पुसला, परत ठेवला आणि बेल वाजवली.